काकूंचा फोटो आणि दोन डिस्क

आमच्या बचत गटाच्या पहिल्या अध्यक्ष काकू गेल्या, तेव्हा त्यांच्या नातीनं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. काकूंचा बँकेतला फोटो, गटाला पहिलं कर्ज मिळालं त्या दिवशीचा. घरात त्यांचा दुसरा धड फोटो नव्हता.

आम्ही म्हटलं, आहे की! गटाच्या फोटोंची डीव्हीडी खिडकीतल्या फळीवर होती. कॉम्प्युटरमध्ये घातली. निम्मे फोटो उघडले, पुढे नुसती घरघर. काकू काही दिसेनात. नशीब, त्याच दिवशी लिहून घेतलेली दुसरी प्रत सचिवताईंच्या लोखंडी पेटीत होती. ती सगळी उघडली.

असं का झालं? सिनेमाची विकतची सीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. आपण स्टुडिओत लिहून घेतो त्या डिस्कमध्ये रंगाचा पातळ थर असतो, लेसरनं त्यावर खुणा उमटवतात. उन्हात वाळणारी साडी विटते, तसा हा थरही विटतो. ऊन, उकाडा, दमट हवा, तिन्ही वाईट. आमची खिडकी पश्चिमेची!

आणखी एक. सीडीची चकाकती बाजू आपण जपतो आणि नावाच्या बाजूला बॉलपेननं खुशाल लिहितो. खरं तर चंदेरी थर नावाच्या बाजूलाच, नुसत्या वार्निशखाली असतो. तिथे खोल ओरखडा गेला की फोटो गेले. डीव्हीडीचा थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, पण स्टिकर तिलाही नको, फिरताना तोल जातो. आमच्या डिस्कवर गणपतीचा स्टिकर होता, भक्तीनंच लावलेला. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करनं लिहावं. डिस्क डबीत, उभी ठेवावी.

लिहून घेताना सांगा, पुसून पुन्हा लिहिता येणारी, आरडब्ल्यूवाली डिस्क नको. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, म्हणजे ४ एमबीचे हजारावर फोटो मावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बहुधा लहान होऊन आलेला असतो, म्हणून मोबाईलमधला मूळ फोटोच द्या.

नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोय बहुधा नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आम्ही गटाच्या पैशातून घेतला. त्यावरून सभेत वाद झाला, तो वेगळा. आता दर संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या आधी, दोन्ही डिस्क उघडून पाहतो. अडखळली की लगेच नवी प्रत. एक गावात, दुसरी सचिवताईंच्या माहेरी.

नातीनं तो फोटो मोठा करून घेतलाय. काकूंच्या हातात पासबुक आहे, उलटं धरलेलं.