कुत्रीची खाज आणि आमची चूक

(सामुदायिक रेडिओवर एका बचत गटाच्या सदस्यांनी केलेलं हे भाषण. वाचकांसाठी बोलीतच ठेवलं आहे.)

आम्ही माळावरच्या वस्तीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. एरवी इथं आम्ही शेळ्यांबद्दल, परसबागेबद्दल, नाहीतर कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलतो. आज बोलायचंय ते कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांबद्दल. हसू नका. त्या पिसवांपायी आमच्या हातून एक मुका जीव जाता जाता राहिला. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून आम्ही ठरवलं, लाज बाजूला ठेवायची आणि सगळं सांगायचं.

आमच्या वस्तीवर बिजली नावाची कुत्री आहे. ती आमच्यातल्या एका काकूंच्या घरची, पण राखते सगळी वस्ती. रात्री शेळ्यांच्या गोठ्यापाशी कोण आलं, कोण गेलं, तिला पहिल्यांदा कळतं. श्रावण सरता सरता ती खाजवायला लागली. आधी आम्ही लक्ष दिलं नाही. कुत्रं म्हटल्यावर खाजवणारच, असं आपण म्हणतो. पण भाद्रपदात तिच्या शेपटीच्या मुळाशी केस गेले, कातडी लाल झाली, चावून चावून जखमा झाल्या. रात्रभर पाय आपटल्याचा आवाज यायचा. मग घरातल्या नातवाच्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या, आणि घरात एकच बोलणं सुरू झालं: कुत्रीला टेम्पोत घालून बाजाराच्या गावी सोडून या.

काकूंचा जीव तिच्यात अडकलेला. त्या बैठकीत येऊन रडल्या. आम्ही म्हटलं, एवढंच ना, आपण करू काहीतरी. एकीच्या घरी म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध उरलं होतं. दुकानदारानं देताना नीट काही सांगितलं नव्हतं, बाटलीवरचं लेबल भिजून गेलेलं. म्हशीला चालतं तर कुत्रीला का नाही, असा आमचा हिशेब. पाण्यात न मिसळता तसंच खोबरेल तेलात घातलं आणि बिजलीच्या पाठीला चोळलं. औषध जास्त तर गुण लवकर, असंही कुणीतरी म्हणालं.

तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग अंग थरथरायला लागलं. उभी राहिली की मागचे पाय लटपटायचे. आमच्या हातापायांतलं बळ गेलं. आमच्यातल्या एका सुनेनं जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टरताई म्हणाल्या, आधी अंगावरचं औषध धुऊन काढा. हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घाला, भांडी घासायचा पातळ साबण घ्या, पाणी कोमट घ्या. गार पाण्यानं अंग थंड पडून थरथर वाढते, आणि कडक पाण्यानं औषध कातडीत जास्त मुरतं. तिला चाटू देऊ नका, तोंडात काही ओतू नका, उलटी करवायला जाऊ नका. धुतलं की कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि निघा, बाटली सोबत आणा.

आम्ही तसंच केलं. दोन दिवस तिला दवाखान्यात न्यावं-आणावं लागलं. बिजली वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा खाल्ला तेव्हा काकूंनी पदर डोळ्याला लावला, आणि आम्ही कुणीच कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

मग डॉक्टरताईंनी आम्हाला बसवून जे समजावलं, ते आता तुम्हाला सांगतो.

पहिलं, खाज पिसवांचीच आहे का ते बघा. पिसू असते दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, आणि उडी मारते. केसांत शिरली की दिसत नाही. पण तिची घाण दिसते. पांढरं फडकं ओलं करून पसरा आणि त्यावर कुत्र्याची पाठ बारीक फणीनं विंचरा. उवांची फणी असते ना, तीच, पण कुत्र्याची वेगळी ठेवा. काळे मिरीच्या पुडीसारखे कण पडतील. ओल्या फडक्यावर ते कण विरघळून लालसर तपकिरी झाले, तर ती पिसवांची विष्ठा. तो लाल रंग कुत्र्याच्याच रक्ताचा. नुसती माती असेल तर लाल होणार नाही.

दुसरं, एवढी खाज का सुटते? पिसू चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते. काही कुत्र्यांना त्या लाळेचंच वावडं असतं. मग दोन-चार पिसवा चावल्या तरी अंगाची आग आग होते. म्हणून कधी कधी कुत्रं हैराण असतं आणि अंगावर पिसू एकही सापडत नाही. शेपटीचं मूळ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू इथं जास्त खाजवत असेल, तर पहिला संशय पिसवांचा धरायचा.

तिसरं, आणि हेच आम्हाला ठाऊक नव्हतं: पिसवांचं खरं घर कुत्र्याच्या अंगावर नसतं. अंगावर दिसतात त्या मोठ्या झालेल्या. रक्त प्यायल्यावर दोन दिवसांच्या आत मादी अंडी घालायला लागते, आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत घालू शकते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत. कुत्रं जिथं झोपतं, जिथं अंग झटकतं, तिथं गळून पडतात. त्यातून अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो. त्या गोणपाटाखाली, बाजेखाली, जमिनीच्या भेगांत जातात आणि तिथं पडलेली पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष करतात. कोषातली पिसू आठवडे, कधी महिने पडून राहते. जवळून कुणी चाललं, ऊब लागली, श्वास लागला, की बाहेर पडते. बंद घर खूप दिवसांनी उघडल्यावर पायाला एकदम पिसवा चिकटतात, त्याचं कारण हेच. म्हणून कुत्र्याला नुसती अंघोळ घातली तर चार दिवस बरं वाटतं, आणि मग पुन्हा तेच.

तर उपाय तीन ठिकाणी, एकाच वेळी करायचा. कुत्र्यावर, घरातल्या बाकीच्या जनावरांवर आणि जागेवर.

कुत्र्यावर काय? कोमट पाणी आणि कुत्र्यांचा शाम्पू. आपला अंगाचा किंवा कपड्यांचा साबण लावला तर कातडी कोरडी पडून खाज वाढते. अंघोळ घालताना आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. रोज फणी फिरवा, आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवा. चिरडत बसू नका. मग औषध. मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीवर सोडायचे थेंब मिळतात, खायच्या गोळ्याही मिळतात. पण कुत्र्याचं वजन किती, वय किती, गाभण आहे का, कधी झटके येतात का, हे सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. थेंब केसांवर न टाकता केस बाजूला करून कातडीवर टाकायचे, आणि त्याच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नाही. अगदी लहान पिल्लांना ही औषधं चालत नाहीत. त्यांना फणी आणि अंघोळच, आणि मग चांगलं कोरडं करून उबेत ठेवायचं. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या तर मात्र थांबू नका. पिसवा एवढ्याशा जिवाचं रक्त ओढून त्याला मारू शकतात. शेळीच्या करडांचंही तसंच.

आता मांजर. हे कान देऊन ऐका. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला मारक आहे. पण मांजराला तसंच सोडूही नका, कारण कुत्र्यावर सापडते ती बहुतेक वेळा मांजराचीच पिसू असते. त्याच्यासाठी वेगळं औषध मागा.

जागेचं काम आपल्या बायकांच्या हातातलं, आणि तेच सगळ्यांत मोठं. बिजलीचं गोणपाट आम्ही जाळलं. जुन्या गोधडीचे दोन तुकडे केले. एक वापरात, एक धुण्यात. आठवड्यातून एकदा कडक पाण्यात धुवायचं आणि रखरखीत उन्हात वाळवायचं. अळ्यांना कोरडेपणा सोसत नाही, म्हणजे ऊन हे आपलं फुकटचं औषध. बाज रोज उभी करायची. बाजेखालचा, पेटीमागचा, चुलीजवळच्या सरपणाखालचा केर रोज काढायचा आणि घराजवळ टाकायचा नाही. जमिनीच्या भेगा बुजवून सारवायचं. कुत्र्याची झोपायची जागा एकच ठेवायची, म्हणजे झाडायची जागाही एकच. आणि हे निदान तीन महिने. पंधरा दिवसांत पिसवा पुन्हा दिसल्या म्हणून औषध खोटं म्हणू नका. त्या आधीच्या कोषांतून निघालेल्या असतात.

काय करायचं नाही, तेही ऐका. रॉकेल, डिझेल, गाडीचं जळकं ऑईल, डांबरगोळ्या, तंबाखूचं पाणी, कापूर घातलेलं तेल, पिकावर मारायची पावडर, यातलं काहीही कुत्र्याला लावू नका. कुत्रं अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं. लसूण खायला घालून पिसवा जात नाहीत, उलट कुत्र्याला अपाय होतो. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंग धुतलं तर थोडा आराम पडेल, पण तेवढ्यानं पिसवांचं घर मोडत नाही.

सगळी खाज पिसवांची नसते, हेही आम्ही शिकलो. कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून खरबरीत झाली, तर ती खरूज असू शकते, आणि तिनं माणसालाही खाज सुटते. गोल चट्टे पडून केस गेले तर गजकर्ण असू शकतं. गोचीड चिकटले असतील आणि कुत्रं तापलं, खाईना, लघवी गडद व्हायला लागली, तर तो गोचिडांचा ताप असू शकतो आणि उशीर जिवावर बेततो. ही निदानं घरी करू नका, दवाखान्यात करा. जनावरं नेणं जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या दवाखान्याची चौकशी करा.

आता घरातल्या माणसांचं. आमच्यातल्या थोरल्या आत्याबाईंना पिसू म्हटलं की प्लेग आठवतो. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगनं हाहाकार केला होता, त्याच्या गोष्टी त्यांनी सासूकडून ऐकलेल्या. डॉक्टरताईंनी त्यांना समजावलं, तो मुख्यतः उंदरांच्या पिसवांमुळे पसरला होता. कुत्र्याच्या पिसवांनी माणसाला चावे बसतात, पुळ्या येतात, पण त्या माणसाच्या अंगावर घर करत नाहीत. एक गोष्ट मात्र सांभाळायची. पिसवेच्या पोटात एका पट्टकृमीची अळी असते. कुत्रं खाजवताना पिसू गिळतं आणि त्याला जंत होतात. शेपटीखाली, विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. रांगत्या पोराच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही होऊ शकतात. म्हणून पिसवांबरोबर कुत्र्याला जंताचं औषधही द्यायचं. आणि दवाखान्यात गेलाच आहात तर रेबीजची लस राहिली असेल ती टोचून घ्या.

शेवटची गोष्ट पैशाची. बिजलीच्या औषधाचा खर्च गटाच्या पेटीतून करावा का, यावर आमची मोठी वादावादी झाली. कुत्रीसाठी पेटी फोडायची का, असं दोघी-तिघी म्हणाल्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. पैसा घामाचा आहे. तेव्हा आत्याबाई बोलल्या, "बिजली कुणाची, ते नंतर बघू. औषध चोळणारे हात कुणाचे होते, ते आधी बोला." मग कुणी काही बोललं नाही. पेटीतून पैसे घेतले, आणि दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे थोडे घालून दिवाळीनंतर परत भरले.

बिजलीच्या पाठीवर आता केस आलेत. शेपटीच्या मुळाशी एक काळा डाग राहिलाय, तो कदाचित जाणार नाही. नातवाच्या पुळ्या गेल्या. सोडून यायची भाषा थांबली. आम्ही अंगणात गेलो की बिजली शेपूट हलवत येते. तेलाची वाटी दिसली की मात्र अजून बाजेखाली शिरते.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेलात की कुत्र्याची पाठ ओल्या फडक्यावर विंचरून बघा. आणि घरातली जनावरांच्या औषधांची बाटली उचलून लेबल वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या, आणि लेबलच नसेल तर ती बाटली वापरू नका.