पेण आणि रोहा, की पेण किंवा रोहा?

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातले दोन तालुके. समजा, मुंबईत स्थायिक झालेला एखादा नातू म्हणाला, "आजोबांच्या पेण आणि रोह्यातल्या जमिनी शोधायच्या आहेत." आपल्याला त्याचे म्हणणे लगेच कळते. पण हेच वाक्य जसेच्या तसे संगणकातल्या यादीला विचारले, तर उत्तर येईल शून्य!

कारण सोपे आहे. यादीत एकेका जमिनीची वेगळी नोंद असते. तर्कशास्त्रात 'आणि' म्हटले की दोन्ही अटी एकाच नोंदीला लागू पडाव्या लागतात. एकच जमीन पेणमध्ये आणि रोह्यातही कशी असेल? तेव्हा विचारायचे ते असे: तालुका पेण किंवा रोहा, आणि खातेदार आजोबा. 'आणि'ने यादी आखडते, 'किंवा'ने वाढते, 'नाही'ने नको ते गळते. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ सालच्या आपल्या ग्रंथात अशा विचाराचे बीजगणित मांडले. संगणकाचा शोध आजही त्याच वाटेने चालतो.

'किंवा' आणखीही ठिकाणी लागतो. आजोबा कागदावर 'रामा' असतील किंवा 'रामचंद्र'. जिल्हा 'रायगड' असेल किंवा 'कुलाबा'. हे नाव १९८१ साली बदलले. शिवाय सातबारा जमिनीवरून माणसाकडे नेतो, तर 'आठ अ'चा उतारा माणसावरून जमिनीकडे, पण एका गावापुरताच. म्हणजे शोध गावोगाव घ्यायला हवा.

एवढे करूनही शून्यच आले तर? आपल्या मीमांसकांनी याचा फार पूर्वी विचार केला आहे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो तिथे नाही असे ठरत नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल, तरच न दिसणे हा नसल्याचा पुरावा. याला ते 'योग्यानुपलब्धी' म्हणतात.

संगणकाचे शून्य हे आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते, जमिनीचे नव्हे. त्या शून्यावर विसंबून आत्याचा किंवा बहिणीचा हिस्सा सोडून देण्याआधी प्रश्न पुन्हा तपासा, गावचे जुने फेरफार उघडून बघा. आधी खोलीत दिवा लावा, मग घडा नाही म्हणा.