कागद नसलेल्या बाईचे हक्क

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत ‘परदेशी नागरिकांविषयीचे कायदे’ हा विषय पाहून अनेकींनी मला विचारलं, ‘ताई, याचं आपल्याला काय?’ बुलढाणा काही सीमेवर नाही. आपल्याकडे पाण्याचा, दारूचा, कापसाच्या भावाचा प्रश्न आहे. ते सोडून हे कुठलं काढलं? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करते.

परका कोण हे शोधायला निघालेलं शासन सगळ्यांकडे आधी कागद मागतं. आणि कागदांच्या बाबतीत घरातलं सगळ्यात गरीब माणूस म्हणजे बाई. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, वीजबिल दिराच्या नावावर. जन्म आजोळी, तोही घरातच, सुइणीच्या हातून. शाळा दुसरीपर्यंत, नाहीतर मुळीच नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, काही घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदललं. जन्मतारीख विचारली की आपल्या गटातल्या म्हाताऱ्या बाया काय सांगतात? ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले म्हणे मी. आता त्याचा कागुद कुठून आणू वो बाई?’ हे बोलणारी बाई सात पिढ्यांची वऱ्हाडातली असते.

आता कायद्यात काय बदललं ते पाहू. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. वैध पासपोर्टशिवाय देशात आल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. एक गोष्ट मात्र जुन्या कायद्यातून जशीच्या तशी नव्यात आली आहे. चोरीच्या खटल्यात चोरी सिद्ध करायचं काम पोलिसांचं असतं. इथे उलट आहे. ‘तू परदेशी आहेस’ असं म्हटलं, की आपण परदेशी नाही हे दाखवायची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. ही जबाबदारी ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिच्यावर किती जड पडते, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरा बदल आपल्या तहसील कचेरीशी संबंधित आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर पूर्वी न्यायालयाचा आदेश लागत असे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि हा अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे आला. पुढे मालेगाव, अकोला, अमरावती अशा ठिकाणी बांगलादेशींना खोटे दाखले मिळाल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिराच्या नोंदी थांबवल्या, विशेष तपास पथक नेमलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. नायब तहसीलदारांना हा अधिकारच नव्हता, या कारणाने त्यांच्या आदेशावरचे दाखले रद्द करायला सांगितलं गेलं. खोटे दाखले शोधायलाच हवेत. पण अधिकाऱ्याला अधिकार आहे की नाही हे अर्जदार बाईला कसं कळणार? तिने खिडकीवर सांगितले ते कागद दिले, शुल्क भरलं, दाखला घेतला. तो आता रद्द. आणि नवा मागायला गेली तर तिच्याकडे संशयाने पाहिलं जाणार.

तिसरी गोष्ट, तपासण्यांची घाई. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने संशयितांची पडताळणी ३० दिवसांत करायला राज्यांना सांगितलं. जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं त्यांच्या राज्याने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून पकडलेल्या एका गरोदर बाईलाही असंच सीमेपार धाडलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबरमध्ये ती आपल्या लहान मुलासह परत आली. तोवर तिचे दिवस भरत आले होते.

हे नवीन नाही. १९९८ साली मुंबईतून बांगलादेशी म्हणून धाडलेल्या लोकांची गाडी पश्चिम बंगालमध्ये उलुबेरियाला लोकांनी अडवली होती, कारण ही आपलीच माणसं आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या जिल्ह्यातूनही लोक वीटभट्टीवर, ऊसतोडीला, सुरत-पुण्याला जातात. परक्या गावात भाषा वेगळी असली की संशयाला वेळ लागत नाही.

मग कायद्याने नागरिक कोण? १९५५ च्या कायद्यात याची उतरंड आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यांच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक हवा. त्यानंतर जन्मलेल्यांचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे चाळिशीपुढच्या बाईला फक्त आपला जन्म इथला हे दाखवायचं आहे. तिच्या नातीला मात्र आईबापाचेही कागद लागतील. आजीचा कागद आज जपला नाही तर उद्या नात अडकेल. आणि आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधारच्या कायद्यातच तसं म्हटलं आहे, आणि आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही असं मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. राज्यघटनेने काही हक्क ‘नागरिकां’ना दिले आहेत, काही ‘व्यक्तीं’ना. कायद्यापुढे समानता, जीवित आणि स्वातंत्र्य, अटकेचं कारण कळणं, वकील मिळणं, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं जाणं, हे हक्क व्यक्तीचे आहेत. त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही. हावडा स्टेशनच्या रेल्वेच्या विश्रामगृहात एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला. ती भारतीय नाही, तिला भरपाई कशी, असा युक्तिवाद रेल्वेने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो फेटाळला आणि १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. आणि केवळ संशयावरून कोणाला परदेशी ठरवता येत नाही, पुरावा मागण्याआधी शासनाकडे काही ठोस आधार असला पाहिजे, असं याच न्यायालयाने आसामच्या एका खटल्यात जुलै २०२४ मध्ये सांगितलं.

बायांसाठी आणखी तरतुदी आहेत. अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे, तो पाठ करा.

काल जेवताना एका मैत्रिणीने मला थेट विचारलं, ‘आणि ती बाई खरंच सीमेपलीकडची निघाली तर? तेव्हाही आपण उभं राहायचं?’ माझं उत्तर ‘हो’ असं आहे. शासनाला परदेशी व्यक्तीला परत पाठवण्याचा अधिकार आहे, तो मी नाकारत नाही. पण ते कायद्याच्या वाटेने, तिचं म्हणणं ऐकून, तिच्या लेकराला तिच्यापासून न तोडता व्हायला हवं. अशा कितीतरी बाया दलालाने फसवून आणलेल्या, विकलेल्या असतात. तपासात बाई अशी बळी ठरली तर तिच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने १ मे २०१२ रोजी राज्यांना दिली होती. हे पोलीस ठाण्यात कोणीतरी सांगावं लागतं. एक गोष्ट मात्र आपण कधीच करायची नाही. कितीही दया आली तरी खोटा कागद बनवायला मदत करायची नाही. तो बाईलाही बुडवतो आणि संघटनेलाही.

आता कामाचं बोलू. वऱ्हाडात पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा. ती कोतवाल बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पाहायला मिळतात. त्यांत बहुधा बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच असतं. आपल्या आज्यांना सरकारदप्तरी नावसुद्धा नव्हतं! तरी ती नोंद उपयोगी पडते, तिची नक्कल मागा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा, टी.सी. काढा. जुन्या मतदार याद्या, बापाच्या किंवा भावाच्या सातबाऱ्यावरची वारस नोंद पाहा. माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, नसेल तर नोंदणी करून घ्या. पारधी, वडार अशा भटक्या वस्त्यांवर आणि सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूरच्या आदिवासी पाड्यांवर हे काम आधी हाती घ्या, कारण तिथे कागद सगळ्यात कमी आणि संशय सगळ्यात जास्त. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या बायांना त्यांच्या माहेरचे कागद मागवून द्या.

प्रत्येक तालुक्यात दोघींनी जबाबदारी घ्यावी. कोणाला उचलल्याचं कळलं की चार गोष्टी करायच्या: ठाण्यात जाऊन कोणत्या कलमाखाली नेलं ते लेखी मागायचं, वेळ लिहून ठेवायची, १५१०० वर फोन करायचा, आणि मूळ कागद कोणाच्या हाती न देता फक्त झेरॉक्स द्यायची. कोऱ्या कागदावर अंगठा उठवायचा नाही.

रेशन कार्डावर बाईचं नाव यावं, सातबाऱ्यावर यावं, यासाठी आपण इतकी वर्षं भांडलो. तेव्हा आपण जमीन आणि धान्य मागत होतो. आता त्याच कागदांवर या देशात राहण्याचा हक्क येऊन ठेपला आहे. म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गटातल्या साठीच्या वरच्या पाच बायांची यादी आणावी. त्यांच्याकडे काय आहे आणि काय नाही, एवढंच लिहा. कामाला तिथून सुरुवात करू.