पेप्टाइडची सुई, औषधांचा कायदा आणि जागरूक ग्राहक

(नांदगाव, जि. नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नांदगाव तालुक्याला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. गिरणा धरण याच तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावेही याच तालुक्यात आहेत. टँकर दारात आला की घरातील गृहिणी आधी पाणी निरखते आणि मगच हंडा भरते. पाणी पोटात जाणार असते, म्हणून ही दक्षता. मात्र तेच कुटुंब औषधाची बाटली घरी आणते, तेव्हा तिच्यावरील मजकूर कितीदा वाचते? आणि जी सुई थेट रक्तात किंवा त्वचेखाली जाणार आहे, तिच्याविषयी किती प्रश्न विचारते? आजचा विषय या प्रश्नांतूनच आला आहे.

गेल्या काही वर्षांत ‘पेप्टाइड’ हा शब्द महानगरांतील रुग्णालयांतून तालुक्याच्या व्यायामशाळांपर्यंत आणि सौंदर्यप्रसाधन केंद्रांपर्यंत येऊन पोहोचला आहे. वजन उतरविणारे, गोरेपणा देणारे, स्नायूंची दुखापत भरून काढणारे, तारुण्य टिकविणारे इंजेक्शन अशी त्याची ख्याती सांगितली जाते. यातील खरे किती, खोटे किती आणि कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

पेप्टाइड म्हणजे काय?

प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. अशा अमिनो आम्लांची लहान साखळी म्हणजे पेप्टाइड. हे काही नवे भूत नव्हे. मधुमेही माणसाला जीवदान देणारे इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे बनलेले आहे. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी त्याचा शोध लावला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. तेव्हापासून शंभर वर्षांत या औषधाने कोट्यवधी लोकांचे प्राण वाचविले आहेत.

आज ज्यांचा गवगवा आहे ती सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही औषधे याच कुळातील. आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची ती नक्कल करतात. त्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात येते, भूक मंदावते आणि वजन उतरते. भारतात सेमाग्लुटाइडच्या गोळ्या २०२२ मध्ये आल्या. टिर्झेपॅटाइडचे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये बाजारात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटातील औषधांचा समावेश मधुमेहाच्या विशिष्ट रुग्णांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढ्या मोठ्या समाजाला या औषधांचे मोल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एकच शब्द, तीन वेगळ्या वस्तू

अडचण अशी की ‘पेप्टाइड’ या एका नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि ग्राहकाला त्यांतील भेद सांगितला जात नाही.

पहिली वस्तू म्हणजे मान्यताप्राप्त औषध. केंद्रीय औषध नियंत्रकांनी चाचण्यांची कागदपत्रे तपासून त्याला परवानगी दिलेली असते. कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत आणि कोणाला द्यायचे, हे ठरलेले असते. इन्सुलिन, सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड या वर्गात मोडतात.

दुसरी वस्तू म्हणजे एका कामासाठी असलेले औषध भलत्याच कामासाठी वापरणे. ग्लुटाथायोन हे त्याचे ठळक उदाहरण. तीन अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड आपल्या शरीरातच तयार होते. त्वचा गोरी करण्यासाठी ते शिरेतून टोचण्यास आपल्या औषध नियंत्रकांची मान्यता नाही. तरीही लग्नसराई जवळ आली की मुलींच्या मनात न्यूनगंड पेरून हे ‘गोरेपणाचे सलाईन’ विकले जाते. ज्या समाजाने श्यामवर्णी राम आणि कृष्ण पूजिले, त्या समाजातील लेकींनी रंगासाठी शिरेत सुई टोचून घ्यावी, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरी वस्तू सर्वांत घातक. बीपीसी-१५७ सारखी पेप्टाइडे ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारलेल्या लहान कुप्यांतून विकली जातात आणि व्यायाम करणारे तरुण ती स्वतःच्या हाताने टोचून घेतात. मनुष्यावरील पुरेशा चाचण्या नसल्याने अशा पदार्थाला औषध म्हणून मान्यता नाही. २०२२ पासून जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने ते खेळाडूंसाठी निषिद्ध यादीत घातले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२३ मध्ये सुरक्षिततेच्या शंकेवरून ते धोक्याच्या गटात टाकले होते. कुपीवरचा ‘केवळ संशोधनासाठी’ हा शिक्का म्हणजे विक्रेत्याने जबाबदारीतून अंग काढून घेतल्याची कबुली आहे.

नियमन कशासाठी?

सरकारी परवाने आणि शिक्के म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या कपाळावर आठी येते. तो वैताग अनेकदा रास्तही असतो. परंतु औषधांच्या बाबतीत नियमनाचा इतिहास मृत्यूंनी लिहिला गेला आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

१९३७ मध्ये अमेरिकेत डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात कालवलेल्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी तेथे औषध सुरक्षित असल्याचे आधी सिद्ध करण्याचा कायदा आला. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आकाराला आला.

कायदा होता, तरी १९८६ साल उजाडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये तेच डायइथिलीन ग्लायकॉल होते. १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील ढिलाई आणि लागेबांधे चव्हाट्यावर आले. महाराष्ट्राने त्यापासून धडा घेतला, असे म्हणता येईल का? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत अखेरचा श्वास घेतला. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात ४८ टक्क्यांहून अधिक डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. विष तेच आणि तपासणीतील हयगयही तीच. मधल्या काळात मात्र ३९ वर्षे लोटली होती.

या दोन्ही घटना पेप्टाइडच्या नव्हेत. पण साध्या खोकल्याच्या औषधात एवढा घात होऊ शकतो, तर ज्याचा कारखाना ठाऊक नाही, परवाना ठाऊक नाही, अशा कुपीतील द्रव रक्तात सोडताना किती विचार केला पाहिजे!

बनावटगिरी आणि तापमान

जेथे मागणी अफाट आणि किंमत मोठी, तेथे बनावट माल येतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात वजन उतरविण्याच्या बनावट इंजेक्शनाने काही जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरली होती. सेमाग्लुटाइडच्या नावाखाली इन्सुलिन विकले गेल्याचा संशय तेथील यंत्रणेने व्यक्त केला. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत आढळलेल्या बनावट सेमाग्लुटाइडबाबत जगाला सावध केले.

दुसरा प्रश्न तापमानाचा. यांतील बहुतेक इंजेक्शने वापरापूर्वी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागतात. मे महिन्यात मनमाड-नांदगाव पट्ट्यात पारा चाळिशीला भिडतो. अशा वेळी कोणाच्या तरी पिशवीतून, बर्फाविना, मुंबईहून गाडीने आलेले इंजेक्शन अस्सल असले तरी निकामी झालेले असू शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. परवानाधारक दुकानात शीतकपाट का लागते आणि औषधाचे बिल का घ्यायचे, याचे उत्तर येथे मिळते.

कायद्याने ग्राहकाच्या हाती काय दिले?

नव्या औषधाला मान्यता देण्याचे काम केंद्राचे. विक्रीचे परवाने आणि दुकानांची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानुसार मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात जनतेपुढे करणे हा गुन्हा आहे. म्हणजे ‘महिन्यात पंधरा किलो वजन घटवा’ असा फलक जेथे दिसेल, तेथे कायद्याचा भंग होत असण्याची दाट शक्यता आहे.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये बनावट औषधांविरुद्ध कठोर शिक्षेची शिफारस केली. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने बनावट औषधामुळे मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरली. दंडाची किमान रक्कम दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी अधिक असेल ती.

परंतु या कायद्यातील सर्वांत मोलाच्या तरतुदी फारशा कोणाला ठाऊक नाहीत. कलम २६ नुसार कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना ठरलेले शुल्क भरून, विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. कलम ३२ नुसार बाधित व्यक्ती आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटना न्यायालयात खटलाही दाखल करू शकते. कायद्याने ग्राहकाला केवळ तक्रारदार ठेवलेले नाही, पहारेकरी केले आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा त्यामागे हीच दृष्टी होती. ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, असे नुसते म्हणून भागत नाही. राजाला जागे राहावे लागते.

स्वदेशीची कसोटी

या विषयाला राष्ट्रीय बाजूही आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय औषध उद्योगाला बळ दिले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात देऊ केली, तेव्हा आफ्रिकेतील गरीब रुग्णांना भारताचा आधार वाटला. २००५ नंतर कायदा बदलला, तरी मुदत संपलेली औषधे स्वस्त करण्याचे सामर्थ्य आपल्या कारखान्यांत आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ ही होती आणि त्यासाठीची तयारी देशी कंपन्यांनी आधीपासून केली. औषध स्वस्त होणे हे सामान्य मधुमेही माणसाच्या हिताचे आहे.

तथापि, स्वदेशी म्हणजे केवळ स्वस्त नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांबियातील बालकांच्या मृत्यूंशी भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांचा संबंध जोडला गेला, तेव्हा देशाची मान खाली गेली. ज्या वस्तूवर भारताचे नाव आहे, ती जगात सर्वांत विश्वासाची असली पाहिजे. कडक तपासणीला विरोध करणारा कारखानदार स्वदेशीचा मित्र असू शकत नाही आणि हप्ता घेऊन डोळेझाक करणारा अधिकारी राष्ट्रसेवक म्हणवून घेऊ शकत नाही.

घराघरांतील आचारधर्म

चरकसंहितेत निंदित अशा आठ शरीरप्रकारांमध्ये अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही उल्लेख आहे. नीट न जाणता वापरलेले औषध विषासारखे ठरते, हा विचारही त्याच ग्रंथातील. आधुनिक शास्त्र वेगळे काही सांगत नाही. या इंजेक्शनांनी मळमळ, उलट्या, पित्ताशयातील खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह असे त्रास होऊ शकतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. आहार, श्रम आणि झोप यांची शिस्त नसेल, तर सुई आयुष्यभराची परावलंबिता ठरू शकते.

म्हणून काही नियम घरात पाळावेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आणि बिलाविना असे औषध घेऊ नये. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो असेल तेथे मोबाईलने तपासावा. व्यायामशाळेत वा सौंदर्य केंद्रात सुई टोचून घेऊ नये. काही त्रास झाला तर केंद्राच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे आणि संशयास्पद विक्रीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. रिकामे वेष्टन आणि बिल फेकून देऊ नये; पुरावा तोच असतो.

कार्यकर्त्यांसाठी एक काम आहे. आपल्या वस्तीतील व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांशी बोलावे, लग्न ठरलेल्या मुलीच्या आईशी भगिनींनी बोलावे. हटकण्याच्या सुरात नव्हे, घरच्या माणसाच्या सुरात. सरकारी निरीक्षक तालुक्याला कधीतरी येतो. शेजारी मात्र रोज भेटतो. जे. जे. रुग्णालयातील ते १४ जण आणि छिंदवाड्याची ती लेकरे यांनी औषध विश्वासाने घेतले होते. तो विश्वास पुन्हा कोणाच्या जिवावर बेतू नये, यासाठी समाजाने जागे राहायचे आहे. टँकरचे पाणी निरखूनच हंडा भरणाऱ्या नांदगावकर माउलीने उद्यापासून औषधाची बाटलीही तशीच निरखावी, एवढीच विनंती.