चाकांवरच्या घरात उशाशी चढ

अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन महिनोन्‌महिने फिरणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच. मुलांकडे गेलेले आपले आई-बाबाही कधी अशा गाडीत चार रात्री काढतात. पण आडवं झालं की घशाशी आंबट येणाऱ्यांना तिथला सपाट पलंग नकोसा होतो.

उशांवर उशा रचणं मात्र टाळाच. त्यानं नुसती मान मुडपते, पोट दाबलं जातं आणि जळजळ वाढू शकते. चढ हवा तो कमरेपासून डोक्यापर्यंत, उशाशी 6 ते 8 इंच. त्यासाठी कडक फोमची पाचर गादीखाली सरकवावी. फोमची गादी तिच्यावर सहज वाकते. स्प्रिंगची गादी वाकत नाही, तेव्हा पाचर वरच ठेवावी. या गाड्यांतले बरेच पलंग 75 इंचच लांब, अमेरिकेतल्या घरगुती क्वीन पलंगापेक्षा 5 इंचांनी आखूड. रात्री माणूस खाली घसरतो आणि पाय भिंतीला टेकतात. गुडघ्यांखाली चादरीची जाड गुंडाळी घेतली, की घसरणं बरंच थांबतं. डाव्या कुशीवर झोपल्यानंही आराम पडतो.

काहीजण गाडीच चढावर लावतात. ते मला पटत नाही. अनेक गाड्यांतला गॅसवरचा फ्रीज तिरका राहिला तर नीट गार करत नाही, कायमचा बिघडूही शकतो.

आडवं होताच दम लागत असेल, तर मात्र पाचर शोधत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

या पलंगाची आणखी एक काळजी: थंडीत गादीखालच्या फळीला ओल धरते. सकाळी गादी उचलून तिथे वारा लागू द्या.