दिवा लागला नाही, म्हणजे टाकी भरली असं नव्हे



आजचा दृष्टांत दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलचा. हसू नका. संतांनी जात्याचे, मोटेचे दाखले दिले, कारण ते लोकांच्या रोजच्या हाताखालचं होतं. आज तुमच्या हाताखाली काय आहे? अ‍ॅक्सिलेटर!

जुन्या गाडीच्या टाकीखाली पेट्रोलचा कॉक असायचा. टाकीत दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी आचके द्यायची. वाकून कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि पंप गाठायचा. यात वीज नाही, दिवा नाही. गाडी स्वतःच बोलायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचा नियम आला, बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आलं, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत गेला आणि कॉक गेला. आता उरला तो दिवा.

हा दिवा कसा लागतो? बऱ्याच गाड्यांत दांडीला एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल उतरलं की तो उतरतो आणि दिवा पेटतो. पण गाडी जोतिबाचा डोंगर चढायला लागली की टाकीतलं पेट्रोल मागं सरकतं, उतरताना पुढं येतं. मग पेट्रोल तेवढंच, पण दिवा कधी लागतो, कधी विझतो. गाडी साइड स्टँडवर कलती लावली तरी तेच. वर फ्लोट अडकला, वायर सुटली, तर टाकी कोरडी पडली तरी दिवा गप्प!

आता बघा, माणसाचं काय होतं. दिवा दोन-चार वेळा उगाच लागला की आपण म्हणतो, "याला सवयच आहे, जाऊ दे." आणि लागला नाही की म्हणतो, "पेट्रोल आहे!" दोन्हीकडून फसगत. गगनबावड्याच्या घाटात, पावसात, मागं लेकरू बसलेलं असताना गाडी बंद पडली तर? रात्री दोन वाजता घरातल्या माणसाला सीपीआरला न्यायचंय आणि टाकी कोरडी निघाली तर? तिथं दिव्याशी भांडून काय उपयोग?

आपल्या आतही असाच एक दिवा आहे. त्याला आपण 'मन खातंय' म्हणतो. आई-वडिलांना उलट बोललो, एखाद्याचे पैसे बुडवले, की तो लागतो. पण रोज दुर्लक्ष केलं की तोही गंजतो. मग माणूस छाती पुढं काढून सांगतो, "मला काही वाटत नाही." अरे बाबा, वाटत नाही म्हणजे चुकलं नाही, असं नव्हे! वायर सुटली असेल.

आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबर. सूर्य आपल्या वेळेला येतोच. पण वाटेत ढग, धूळ, एखादा अडथळा आला की किरण देवीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून काय सूर्य उगवलाच नाही म्हणायचं? प्रकाश दिसला नाही, तर मध्ये काय आडवं आलंय ते बघायचं.

मग करायचं काय? जाणता मिस्त्री सांगतो तेच. पेट्रोल भरलं की ट्रिपमीटर शून्यावर आणा. आपली गाडी लिटरला किती जाते ते ठाऊक ठेवा आणि दिवा लागायच्या आधीच पंपावर वळा. दिवा लागलाच, तर त्याला खोटा ठरवायला धावू नका, आधी टाकीचं झाकण उघडून बघा. इंजेक्शनच्या गाडीत आतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं. कोरडी टाकी त्या पंपालाही मारते.

तसंच मनाचं. रात्री अंथरुणाला पाठ लावण्याआधी दोन मिनिटं हिशेब करा. आज किती चाललो, कुणाला दुखावलं, नामात किती बसलो? मन खाईल तेव्हा बघू, असं म्हणू नका. दिवा हा शेवटचा इशारा आहे, माऊली. हिशेब ही रोजची साधना आहे.

जय जय रामकृष्ण हरी!