सणासुदीचा प्रवास



सण हा धर्माचा विषय आणि प्रवास हा गाडीखात्याचा. यात कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण भोर आणि वेल्हे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) या मुलखात सण सुरू होतो तोच मुळी मुंबई-पुण्याची माणसे घरी आल्यावर. डोंगरउतारावरच्या शेतीत वर्षाचे पोट निघत नाही, म्हणून कितीतरी घरांतला कर्ता माणूस बाहेर असतो. तो गौरी-गणपतीला येतो, दिवाळीला येतो, चैत्र-वैशाखात जत्रेला येतो. पालखीला खांदा द्यायला तोच लागतो.

हा प्रवास कसा होतो, ते आपण जाणताच. कारखान्याला सुट्टी होते सणाच्या आदल्या संध्याकाळी, आणि सगळ्यांना एकदमच. स्वारगेटवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मिळेल त्या गाडीने कापूरहोळला किंवा नसरापूरला उतरायचे आणि पुढे वडाप गाठायचे. जीपमध्ये माणसे कोंबलेली, टपावर बोचकी, मागे लोंबकळणारी तरणी पोरे. गणपतीत पाऊस चालूच असतो. महाडकडून येणाऱ्याला वरंध घाटात दरड आडवी येते. अशात गाडी उलटली, कोणी दगावले, की गावात एकच वाक्य ऐकू येते : "त्याची वेळ भरली होती!"

या वाक्याशी आमचे भांडण आहे. पावसाचा अंदाज चुकेल, कांद्याचा भाव चुकेल. पण दिवाळीची गर्दी कोणत्या तारखेला होणार, हे गुढीपाडव्याला पंचांग उघडले की समजते. जे वर्षभर आधी ठाऊक असते, त्याचा दोष नशिबाला कसा द्यावा? 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. तो डोंगर वाई तालुक्यात असला तरी भोरहून तिथे रस्ता जातो, आणि आपल्याकडचे भाविकही त्या वाटेने जातात. ती यात्रा पौष पौर्णिमेलाच भरते. गर्दी काही त्या वर्षी अवचित आली नव्हती.

आता गाडी चालवणाऱ्याकडे पाहा. 1961 साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. त्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास अशी कामाची मर्यादा होती. लांबच्या मार्गांवर आणि सणासुदीला परवानगीने ती वाढवता येई. पण 10 आणि 54 तासांच्या पुढे मुळीच नाही. म्हणजे सणाला चालकावर ताण येतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. मात्र तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच आपोआप लागू होई. एका जीपचा मालक स्वतःच चालक असला, तर त्याचे तास कोण मोजणार? सणाच्या चार दिवसांत त्याला वर्षाचा हप्ता फेडायचा असतो. तो झोप मोडून फेऱ्या मारतो, आणि त्याच्या मागे आपली लेकरे बसलेली असतात.

2017 च्या ऐन दिवाळीत एस.टी. कामगारांनी पगारासाठी संप केला, तेव्हा स्थानकांवर अडकलेले लोक चालक-वाहकांवर चिडले. त्यांचे हाल खरेच झाले. ते आम्ही नाकारत नाही. पण दर दिवाळीला आपल्याला घरी पोचवून हा माणूस स्वतः घराबाहेरच सण काढतो, याची आठवण त्या चार दिवसांपुरती तरी किती जणांना झाली?

तेव्हा करायचे काय? बोनसच्या वाटाघाटीत टक्क्याबरोबर सुट्टीची तारीखही मांडली पाहिजे. खात्या-खात्याने दोन पाळ्यांत माणसे सोडली, तर गर्दी निम्म्यावर येईल. त्यासाठी मालकाला पैसाही लागत नाही. जादा गाड्यांची मागणी ग्रामपंचायतीने महिनाभर आधी आगारात लेखी द्यावी. जत्रेच्या पंचांनी वर्गणीतून मंडप घालतात, तसा चालकांसाठी एक पाठ टेकण्याचा निवारा घालावा, दोन घास वाढावेत आणि पेंगणाऱ्याच्या हाती रात्री गाडी देऊ नये. आणि जीप भरली असेल, तर आपण दुसरीची वाट पाहावी. घरच्यांना पुरणपोळी तासभर उशिरा वाढावी लागली, तरी चालते.